सुपात निवडलेली माती

मी एकतीस वर्षं सरकारी पगारावर माती चोळली. चोळली, चाळली, भिजवली, वाळवली, आणि नवी नवी होते तेव्हा एकदोनदा चाखलीसुद्धा. मृद सर्वेक्षण असं भारदस्त नाव आहे त्या कामाला. पण माझं लग्न ठरताना आईने मुलाकडच्यांना "ती शेतकी हापिसात आसा" एवढंच सांगितलं. मुलगी डोंगरावर खड्डे खणून त्यात उभी राहते, हे खरं खरं सांगितलं असतं तर ते लोक आमच्या वालावलला पोचलेच नसते, कसालच्या तिठ्यावरून चहा पिऊन परत गेले असते.

काम तसं सांगायला सोपं आहे. माणूस उभा राहील एवढा खड्डा खणायचा, आत उतरायचं आणि त्याच्या भिंतीकडे बघत बसायचं. भिंतीत थर दिसतात. प्रत्येक थरातली मूठभर माती घ्यायची, बाटलीतल्या पाण्याने भिजवायची आणि भाकरीच्या पिठासारखी मळायची. मग अंगठा आणि बोट यांच्यामधून तिची पट्टी पुढे सरकवत न्यायची. पट्टी लांब आली तर चिकणमाती जास्त, लगेच तुटली तर कमी. रंग ठरवायला एक पुस्तक असतं, रंगाच्या दुकानातल्या कार्डासारखं. शेवटी चाळणी. दोन मिलिमीटरच्या भोकांतून जे खाली पडतं त्याला शास्त्र माती म्हणतं. जे वर राहतं ती खडी. तिचं वजन वेगळं लिहायचं आणि तिला फेकून द्यायचं. आमच्या जिल्ह्यातले निम्मे डोंगर शास्त्राने असे चाळणीवरून फेकून दिलेले आहेत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कट्टा गावच्या बाजारात आम्ही टेबल मांडून बसायचो, लोकांनी शेतातली माती आणून द्यावी म्हणून. एकदा एक बाई कागदात बांधलेली चिमूटभर माती घेऊन आल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, ही आमच्या उंबऱ्यार कोणी टाकल्यान, ता सांगा."

मी म्हटलं, बाई, आम्ही मातीत नत्र किती ते सांगतो, माणसं नाही सांगत. पण त्या हलेनात. शेवटी मी ती भिजवून पाहिली. तांबूस तपकिरी, चिकट, आणि त्यात हरभऱ्याएवढे जांभ्याचे खडे. कुजलेल्या पानाचा एक तुकडाही होता. मी विचारलं, घरातलं कोण डोंगरावरच्या रानात जातं?

"घोव जाता, लाकडा हाडूक."

"मग ही तुमच्या नवऱ्याच्या चपलांची माती."

बाईंचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "नक्की काय? वाटल्यास माझ्या जावेचा नाव घेवा, माझा काय म्हणणा नाय."

त्या चपलांच्या मातीबद्दलच मला सांगायचं आहे. कारण माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक मी तिच्याच बाबतीत केली.

कसाल ते कट्टा या पट्ट्यात गावांच्या डोक्यावर लांबट डोंगर आहेत. त्यांच्या माथ्यावर जिथे रान शाबूत आहे, तिथली माती दिसते एक आणि वागते दुसरीच. वर दोन बोटं काळीभोर, पानं कुजून झालेली, हातात घेतली तर चहापत्तीसारखी मोकळी. तिच्याखाली तांबूस तपकिरी चिकणमाती. ती नुसती हातात घेतली तर तुम्ही म्हणाल, हिची गणपतीची मूर्ती होईल. पण ती नुसती कुठे मिळतच नाही. तिच्या पोटात जांभ्याचे खडे ठासून भरलेले असतात, हरभऱ्यापासून सुपारीपर्यंत सगळ्या मापांचे. बहुतेक ठिकाणी खडे जास्त आणि माती कमी. पावसाळ्यात चिकट होऊन चपलेला धरते, उन्हाळ्यात पहार मारली तर ठिणगी उडते. झाडांना मात्र ती मानवते. खड्यांमधून हवा आणि पाणी दोन्ही खाली उतरतं, आणि मधली चिकणमाती झाडापुरती ओल मार्चपर्यंत धरून ठेवते. पानांची दुलई काढली की हा सगळा कारभार दोन पावसाळ्यांत संपतो. वरची काळी माती वाहून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागते, आणि उरतो तो ना शेताचा ना रानाचा, नुसता टणक तांबडा माळ. कार्यालयात आम्ही हिला "खडीयुक्त चिकणमाती" म्हणायचो. नवीन पोरांना मी घसा फोडून सांगायचे, या मातीची परीक्षा टेबलावर होत नाही, तिला भेटायला डोंगर चढावा लागतो.

आता ऐका, मी स्वतः काय केलं ते.

भिवादादा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन गावी आले होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम घडी घातलेला कागद. कागदावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. वाटणीत त्यांना डोंगरमाथ्यावरचं रान आणि त्याखालचा उतार आला होता. उतारावर काजूची दोनशे कलमं लावायची आणि माथ्यावर शेततळं काढून त्यांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायचं, असा त्यांचा बेत. तळ्याची योजना होती. तळ्याला प्लास्टिक घालायचं की नाही, हे माती बघून आम्ही लिहून द्यायचं.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. माझे एकोणीस खड्डे कागदावर बाकी होते आणि डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. आदल्या दिवशी मी भिवादादांना फोन केला, "वरची अर्धा किलो माती काढून ठेवा, मी येऊन बघते." हे वाक्य माझं. ते लक्षात ठेवा.

मी पोचले तेव्हा अंगणात सुलभावहिनी, म्हणजे भिवादादांची बायको, वाट बघत होत्या. माती त्यांनी स्वतः वर जाऊन आणली होती, तरटावर वाळवली होती, सुपात घेऊन पाखडली होती आणि साडीच्या दुकानाच्या कोऱ्या पिशवीत भरून तुळशीजवळ ठेवली होती. अशी देखणी माती माझ्या टेबलावर कधी आली नव्हती. मी पाणी घालून मळली, पट्टी काढली. चांगली दोन बोटं लांब पट्टी निघाली, तुटता तुटेना. इतक्या वर्षांत डोंगरमाथ्याच्या मातीची अशी पट्टी मी पाहिली नव्हती. पाहिली नव्हती, तेव्हा लगेच चप्पल घालून वर चढायला हवं होतं. पण मी मनाशी म्हटलं, माथ्यावर एखादी खोलगट जागा असेल, चिकणमाती साचली असेल. गुडघा दुखत असला की माणसाला शास्त्र असं भराभर सुचतं.

भिवादादांनी विचारलं, "बरी आसा मां माती?"

"पाणी धरील," मी ऐटीत म्हटलं. "प्लास्टिक नको."

अर्जात "खडीचे प्रमाण" असा एक रकाना असतो. त्यात मी "अत्यल्प" असं लिहिलं. मोबाइलवर जागेचा फोटो काढायचा असतो, तोही अंगणातूनच काढला. मोबाइलला डोंगर चढावा लागत नाही, त्याच्या नकाशात अंगण आणि माथा एकाच ठिपक्यात मावतात. मग सुलभावहिनींनी आग्रह करून जेवायला बसवलं. तिरफळ घातलेली बांगड्याची कढी होती, आणि खोटं कशाला बोलू, मी दोनदा भात घेतला.

एप्रिलमध्ये जेसीबी वर गेला. माथ्यावरची ऐन-किंजळीची झाडं तोडून मोठा चौकोनी खड्डा निघाला. त्यातून खडी निघालीच असणार. पण जेसीबीवाल्याला कोण विचारतं, आणि भिवादादांना तर मॅडमनी "अत्यल्प" लिहून दिलं होतं. जुलैत तळं काठोकाठ भरलं. भिवादादा येईल त्या पाहुण्याला डोंगर चढवून तळं दाखवायला लागले. कलमं लावून झाली. तळ्यात मासे सोडायचीही चौकशी झाली. मला फोटो यायचे, रोज एक, त्यात तळं तेच आणि भिवादादांची टोपी वेगळी.

गणपती गेले, पावसाने हात आखडला, आणि तळं रोज वीतभर खाली जायला लागलं. दिवाळीत अभ्यंगाच्या दिवशी सकाळी फोन आला.

"मॅडम, तळा पळाला."

"पळालं म्हणजे?"

"म्हणजे नाय आसा. चिखल आसा. थंय माझो कुत्रो बसलोहा."

या वेळी मी चढले. गुडघ्याला पट्टा बांधून, पहार घेऊन चढले. तळ्याच्या काठाला स्वतः कंबरभर खड्डा घेतला. अर्धा दिवस गेला. दोन बोटं काळी माती, आणि खाली, जे मी तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत होते, तेच. चिकणमातीत खच्चून भरलेले खडे. घमेलंभर माती चाळणीवर ओतली, तर अर्ध्याहून जास्त वरच राहिली. भिवादादा चाळणीकडे बघत उभे होते.

"ह्या काय?"

"खडी."

"मग मार्चात ही खंय गेली होती?"

उत्तर मागून आलं. सुलभावहिनी आमच्यासाठी चहाची किटली घेऊन वर आल्या होत्या. "खडे मी निवडून टाकलंय, मॅडम. हापिसात न्हेवची माती ती. तेतूर खडे कशे पाठवूचे? लोक काय म्हणतीत?"

आमच्याकडे पाहुण्याच्या पानात भाताबरोबर खडा आला, तर घरची बाई आठ दिवस मान वर करत नाही. त्या घरात सरकारी माणूस माती न्यायला येणार म्हटल्यावर ती निवडूनच द्यायची असते. मी त्याच गावाकडची. मला हे न विचारता कळायला हवं होतं. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. मी वर यायला हवं होतं, आले नाही." स्पष्ट म्हटलं. ऐकायला तिथे आम्ही तिघंच होतो, आणि तोडलेल्या किंजळीचं एक थुटूक.

 भिवादादांना दुसरंच पडलं होतं. "पण पाणी गेला खंय?"

पाणी कुठे जातं हे सांगायचा मला पगार मिळत होता. मी उताराच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. तिथे दत्ताचं घर. दत्ता म्हणजे भिवादादांचा सख्खा चुलतभाऊ. हद्दीवरच्या एका फणसावरून अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. फणस मध्यंतरी वीज पडून मेलासुद्धा, पण अबोला जिवंत होता. दत्ताची बाव, म्हणजे विहीर, दरवर्षी दिवाळीला तळ गाठायची. त्या दिवशी वरून दिसत होतं, दत्ताची बायको बावीच्या काठावर कपडे धूत होती आणि हाताने पाणी घेत होती, दोराशिवाय.

भिवादादांनी आधी बावीकडे पाहिलं, मग तळ्याकडे, मग माझ्याकडे. "म्हणजे आठ म्हयने माझा पाणी तो पिता?"

"आठ नाही, चार."

"बुजवतंय," ते म्हणाले. "उद्याच्या उद्या जेसीबी हाडून तळा बुजवतंय. कलमा मेली तरी चलतीत."

मी समजावलं. तळं बुजवून तुमचं पाणी परत येणार नाही, नुसती बाव आटेल, आणि त्या बावीवर दत्ताच नाही, खालची सात घरं पाणी भरतात. पण अकरा वर्षांचा अबोला असलेल्या माणसाला सात घरं दिसत नाहीत, एकच दिसतं.

कार्यालयात मी साहेबांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. माझी खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "मॅडम, तुमचे चार महिने राहिलेत. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. नमुना त्यांनीच दिला होता ना? मग तेवढंच लिहा." मसुदा त्यानेच केला. "सदर नमुना शेतकऱ्याच्या कुटुंबीयांनी स्वतः निवडून व स्वच्छ करून सादर केल्यामुळे खडीचे प्रमाण निदर्शनास आले नाही." मी तीन वेळा वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून मी लगेच सही केली. त्याची आज मला लाज वाटते.

एक प्रत भिवादादांना गेली, एक ग्रामपंचायतीला. पंचायतीत कोणीतरी ती मोठ्याने वाचली. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की भिवाच्या बायलेने सरकारला फसवी माती दिली. गिरणीवर बायका तिला विचारायला लागल्या, "सुलू, आज काय पाखडतंस गो, तांदूळ काय डोंगर?" ती हसायची म्हणे.

चौथ्या दिवशी भिवादादा कार्यालयात आले. इस्त्रीचा शर्ट, पारदर्शक फोल्डरमध्ये आमचं पत्र. कार्यालय म्हणून त्यांनी सुरुवात शुद्ध मराठीत केली. "मॅडम, माझी तळ्याबद्दल तक्रार नाही. झाडं गेली, तेही मी सोडलं. मला फक्त एक कागद पाहिजे." मग शुद्ध मराठी सुटली. "माझ्या बायलेन चूक केल्यान नाय, इतक्याच लिवन देवा. तुमी थंय डोंगरार बोललात मां, तसाच. ती दोन दिस जेवक नाय."

समोर कोरा कागद होता, पेन होतं. मी म्हटलं, "बघते, साहेबांशी बोलून."

तीस वर्षं एसटीत लोकांच्या सबबी ऐकलेला माणूस तो. "बघते" म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी पत्र फोल्डरमध्ये सरळ करून ठेवलं, नमस्कार केला आणि गेले.

इकडे जेसीबी सोमवारी यायचा ठरला होता. सात घरांनी गावकरांकडे, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याकडे, धाव घेतली. गावकर ऐंशीच्या घरातले, बोळक्या तोंडाचे, पण आवाज असा की मंडपातल्या घंटा हलाव्यात. ते म्हणाले, कागद-बिगद बाजूला ठेवा, रविवारी देवळात गाऱ्हाणं घालू. "शेतकीच्या मॅडमाकय बोलवा," असा मलाही निरोप आला.

बाहेरच्यांसाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाने ग्रामदेवतेपुढे उभं राहायचं, आणि एकाने सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाला सांगायचं, काय झालं, कोणाचं काय चुकलं आणि आता काय हवं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा गाऱ्हाण्यात आलं की ते ठरलं. त्याच्यावर अपील नसतं.

रविवारी मंडप भरला होता. भिवादादा एका खांबाशी, दत्ता समोरच्या खांबाशी. बायकांच्या घोळक्यात पुढे सुलभावहिनी. मला मानाने पुरुषांच्या बाजूला खुर्ची दिली होती, मी उभी राहिले. गावकरांनी हातात नारळ घेतला आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"डोंगराचा पाणी डोंगरान पोटात घेतल्यान नि बावीत सोडल्यान, ता कोणी चोरूक नाय..."

"व्हय म्हाराजा!" दत्ताचा आवाज सगळ्यात मोठा.

"दोगा भाव एका रक्ताचे, तेंच्या मनातला काळा-बेरा काढून टाक..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी खांबांकडचे दोन्ही आवाज जरा दबके होते, पण होते.

मग गावकरांनी श्वास घेतला. त्यांच्यापर्यंत जे पत्र पोचलं होतं तेच त्यांना खरं वाटत होतं, आणि त्यांचा हेतू तर चांगलाच होता. पोरीला त्यातून मोकळं करायचं होतं. "आणि ह्या आमच्या सुलूच्या हातसून मातयेत जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल..."

अर्धा क्षण गेला असेल. भिवादादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघत होते. मी "थांबा" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गावकर थांबले असते, सगळे थांबले असते. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं, माहीत आहे? फेब्रुवारीअखेर. निवृत्तीची तारीख.

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या मंडपाने म्हटलं. सुलभावहिनींनी डोळे मिटून, हात जोडून म्हटलं. आणि मीही म्हटलं.

गाऱ्हाण्याचा गुण आला, असं सगळे म्हणतात. जेसीबी आला नाही. तळं राहिलं. दत्ताने आपणहून बावीवरून पंप लावून उतारावर पाइप चढवला, आणि भिवादादांच्या कलमांना दोन्ही उन्हाळे पाणी मिळालं. दोनशेतली वीस-पंचवीस गेली, बाकी फोफावली. कोणीतरी भिवादादांना म्हटलं, दत्ताचे उपकार झाले हो. ते म्हणाले, "उपकार कसले? माझाच पाणी माका देता." पण आता दोघं एकाच बाकावर बसून चहा पितात, हेही खरं.

आमच्या कार्यालयाने तर कमाल केली. त्याच फाइलीत, त्या पत्राच्या पुढच्याच पानावर, एक यशोगाथा आहे. "शेततळ्याद्वारे भूजल पुनर्भरण, सात कुटुंबांना लाभ." तांत्रिक मार्गदर्शन म्हणून खाली माझं नाव. निरोप समारंभात ती वाचून दाखवली गेली. शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्याही झाल्या. पेन्शन पहिल्याच महिन्यात वेळेवर सुरू झाली, जे आमच्या खात्यात दुर्मीळ आहे. थोडक्यात, सगळ्यांचं भलं झालं. मीही दोनेक वर्षं स्वतःला हेच सांगत होते.

गेल्या मे महिन्यात त्या बाजूला लग्न होतं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. भिवादादा कसालला गेले होते. सुलभावहिनींनी अंगणात खुर्ची मांडली, काजूचे ओले गर आणून दिले. कलमांचं पहिलं पीक. मी धीर करून विषय काढला. म्हटलं, वहिनी, त्या मातीचं माझ्या मनात राहिलंय.

त्या हसल्या. "आता कशाक ता? माझाच चुकला, मॅडम. पयल्यांदा माका वाटायचा, माझा काय चुकला? पण येवढी माणसा, गावकर, सरकारी कागद, सगळी सांगतत म्हटल्यावर माझाच चुकला असतला. मी आता नुसती माती हातात घेवक भियतंय." मग माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या नोकरीक त्रास नाय मां झालो माझ्यापायी?"

 मी गर खाल्ले, चहा प्यायले आणि मोठ्या माणसासारखी रिक्षात बसून निघून आले. घरी आल्यावर खूप रडले.

भिवादादा, तुम्ही मागितलेला कागद. कार्यालयाचा शिक्का आता माझ्याकडे नाही, पण हा कागद छापलेला आहे, फोल्डरमध्ये राहील. गिरणीवर, पंचायतीत, आणि जमलं तर देवळात वाचून दाखवा.

लिहून देते की, तळ्याच्या जागेच्या मातीचा नमुना मी डोंगरावर न चढता अंगणात बसून तपासला. माती काढून ठेवा, असं मीच फोनवर सांगितलं होतं. तिच्यातले खडे निवडू नका, हे सांगणं माझं काम होतं, ते मी सांगितलं नाही. त्या डोंगरावरची माती अर्ध्याहून जास्त खडी असते, हे मला नमुना हातात घेण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. तरीही अर्जात "अत्यल्प" असं मी लिहिलं. यात सुलभावहिनींची काहीही चूक नाही. त्यांनी फक्त माझ्या पानात खडा येऊ दिला नाही.